डावा मागचा

उद्यमनगरात पितळी शिक्का कोरून घ्यायला गेले
तेव्हा नूरभाई मुजावरांनी विचारलं, नाव कुणाचं घालू?
माझंच घाला. शालन. तीनच अक्षरं.
आडनाव नको, ते लग्नात एकदा बदललं,
कोर्टात परत बदललं,
पितळ किती वेळा कानसायचं?

ते हसले नाहीत. डोळ्याला भिंग लावून
उलट्या बाजूनं कोरायला बसले.
आधी न आला, मग ल, मग काना, शेवटी श,
सगळे पाठमोरे,
फोटो नको म्हणून तोंड फिरवलेल्या बायकांसारखे.
"उलटं कोरलं तरच सुलटं उठतंय, ताई.
साडेसातशे. दांडा तुमचा तुम्ही बसवा."

दांडा बाभळीचा बसवला.

पहिले आठ दिवस नुसती भाजाभाजी.
सागवान ऐकून घेतं.
फणस लगेच काळा पडतो, रुसलेल्या पोरागत.
शिसमावर नाव उठतं पण दिसत नाही,
म्हशीच्या पाठीवर काजळ.
शिक्का फार तापला तर ल चा लाडू होतो,
गार असला तर नुसता डाग,
इस्त्री विसरल्यासारखा.
पाण्याचा थेंब टाकल्यावर न आटता टणाटण नाचला
की टेकवायचा. एक, दोन. उचलायचा.
त्या वासानं शेजारच्या तालमीतला वस्ताद
दारात येऊन विचारतो, काय भाजलंय?
नाव, म्हणते मी.

आण्णांनी चाळीस वर्षं खुर्च्या केल्या.
लक्ष्मीपुरीतल्या दुकानात त्या जायच्या,
दुकानाचा कागदी बिल्ला डकवून विकल्या जायच्या.
कोल्हापुरात किती घरांत लोक
माझ्या बापाच्या जिवावर टेकून चहा पितात,
कुणाला माहीत नाही. मलाही नाही.
एकदा विचारलं होतं, तुमचं नाव का नाही घालत?
म्हणाले, खुर्ची डुगडुगली
की सुताराचं नाव आपसूक निघतंय.

परवा मगदूम सर खुर्ची घेऊन आले,
रिक्षात, मांडीवर धरून,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.
डुगडुगते म्हणाले. वडिलांच्या वेळची आहे.
मी उलटी केली. बिल्ला कधीच गळालेला,
खळीचा पिवळा चौकोन तेवढा उरलेला.
मग हाताचा बाक बघितला आणि थांबले.
असा बाक एकच माणूस काढायचा,
रंध्याचा शेवटचा हात किंचित उचलून.

गरम पाण्यानं सरस सोडवला,
मोगरीनं हळूहळू ठोकत पाय ओढला.
खाचेतून कुसू सुटलं,
आणि त्या कुसावर, जिथं पन्नास वर्षं उजेड आला नव्हता,
शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.
आण्णांचं अक्षर.
काळजात धस्स झालं. म्हटलं, सापडलं.
इथं लपवून ठेवलं होतंत होय?
चष्मा शोधला. ओला सरस बोटानं पुसला.

डा. मा.

डावा मागचा.
जोडताना पाय बदलू नये म्हणून
कुठलाही सुतार करतो ती खूण.
दुसरा काढला असता तर
उ. मा. निघालं असतं.

किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक.
शेगडी विझली, शिक्का गार पडला.
ड च्या शेपटीला त्यांनी एक झोका दिला होता,
घाईतल्या माणसाला परवडू नये एवढा.

नवा सरस लावला. रात्रभर शिकंज्यात.
सकाळी फरशीवर ठेवली, चारी पाय टेकले.

संध्याकाळी सर आले, दीडशे दिले,
खुर्ची उलटी करून खालून निरखली.
तुमचा तो शिक्का नाही मारलात?
आहे की, म्हटलं. आत आहे.
आता बसा.